गिरजाबाई पुढे, मशीन मागे

आमच्या वॉर्डातल्या केसपेपरवर एक वाक्य फार सहज लिहिलं जातं : 'रुग्ण सहकार्य करत नाही.' मीही ते लिहिलेलं आहे. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे ते ठसठशीत दिसतं. ते एकदा लिहून ठेवलं की सगळे सुटतात. मास्क बसला नाही, मशीन चाललं नाही, माणूस दगावला, तर दोष कुणाचा? ज्याला श्वास घेता येत नव्हता, त्याचा.

आमच्या घरी हे वाक्य खपलं नसतं. बाबा कोळसा खाणीत कामाला होते आणि संघटनेची पत्रकं लिहायचे. गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी. खाटेखाली त्यांचे गठ्ठे असत. शाळेच्या पुस्तकाआधी मी त्या पत्रकांवर वाचायला शिकले. 'कमळ'च्या आधी मला 'कंत्राटदार' वाचता येत होतं. खाणीच्या फलकावर अधूनमधून सूचना लागायची की कामगार सहकार्य करत नाहीत. बाबा ती चहा पिताना घरी म्हणून दाखवायचे आणि विचारायचे, "अन् खानवाले कोनासोबत करते म्हनते सहकार्य?" हा प्रश्न घेऊन मी नर्स झाले. पगार कंत्राटी, प्रश्न कायमचा.

मी काम करते ते सरकारी रुग्णालय चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधल्या पट्ट्यात आहे. मूल तालुक्याकडची धानवाली माणसं आमच्याकडे येतात, मुलचेऱ्याकडची येतात, आणि पावसाळ्यात रस्ता उघडा असला तर भामरागडचीही. तिथून येणारा माणूस नदी, नाला, ट्रॅक्टर, जीप आणि मग रुग्णवाहिका असं करत पोचतो. अर्धा दम तो वाटेतच खर्च करून येतो. श्वासाचे पेशंट आमच्याकडे कधी कमी नसतात. चुलीपुढे जन्म काढलेल्या बाया, राईसमिलच्या कोंड्यात उभे राहिलेले हमाल, कोळशाच्या धुळीतले बाबांचे सोबती, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळणारी कुटुंबं. कारणं वेगवेगळी आणि फुप्फुस एकच, जुन्या पिशवीसारखं सैल झालेलं. त्यात हवा जाते, पण पूर्ण बाहेर येत नाही. आत शिळी हवा साचत जाते. माणूस आधी घाबरा होतो, मग थकतो, मग त्याला गुंगी येते. नातेवाईकांना वाटतं, चला, झोप लागली. आम्हाला त्या झोपेची भीती असते.

अशा वेळी आम्ही मास्कचं मशीन लावतो. व्हेंटिलेटर म्हटलं की लोकांना घशातली नळी आठवते. हे तसं नाही. नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क, मागून पट्टे, आणि एका जाड नळीतून येणारी हवा. पेशंट श्वास घेतो तेव्हा मशीन मागून जोर देतं, सोडतो तेव्हा जोर कमी करतं. चढावर सायकल हाकणाऱ्याच्या पाठीला कुणी हात लावावा, तसं. काम पेशंटच करतो. म्हणून हे मशीन बेशुद्ध माणसाला उपयोगी नाही. ते दोघांनी मिळून चालवायचं असतं.

ऐकायला सोपं आहे. पण धावत्या एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून तोंड उघडा, मग कळेल. नोकरीच्या सुरुवातीला मी हा मास्क स्वतःला लावून पाहिला होता. मी धडधाकट, वॉर्डात माझ्याशिवाय कुणी नाही, बटण माझ्या हातात. तरी मी तो ओढून काढला. ज्याला आधीच जीव जातोय असं वाटतंय, त्याच्या तोंडावर आपण हे दाबतो आणि म्हणतो, सहकार्य करा.

आणि सहकार्य न करण्याची कारणं कुणी विचारत नाही. राईसमिलमधले एक रामदासभाऊ होते. मास्क लावला की थोड्या वेळाने काढायचे, पुन्हा लावला की पुन्हा काढायचे. नाकावर जखम आहे का पाहिलं, नाही. पोट फुगलंय का पाहिलं, नाही. शेवटी मी खुर्ची ओढून समोर बसले.

"भाऊ, काऊन काढता घडीघडी?"

"थुकाचं रायते."

"काय थुकायचं असते?"

त्यांनी गाल माझ्याकडे केला. आत खर्रा. सुपारी-तंबाखूचा तोबरा दाबून त्यावर मास्क लावून घेतलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यातला कण हवेच्या जोराने श्वासनळीत गेला असता तर आम्ही त्यांना मशीननेच मारलं असतं. मी ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "तुमी त दात काढून ठेवाले सांगतलं होतं, शिस्टर. खर्ऱ्याचं कोनी बोललंच नाई." खरं होतं. आमच्या सूचनांत नकली दात होते, खर्रा नव्हता. त्या सूचना अशा गावात लिहिल्या गेल्या होत्या जिथे खर्रा खात नाहीत. तेव्हापासून मी मास्क लावण्याआधी प्रत्येकाच्या, हो, बायांच्याही, गालात बोट घालून पाहते.

पण मला सांगायचं आहे ते गिरजाबाईंचं.

रोवणीचे, धान लावण्याचे दिवस होते. मूलजवळच्या एका गावातून सकाळी मालवाहू ऑटोत घालून त्यांना आणलं. सोबत मुलगा दिवाकर आणि सून वनिता. गिरजाबाई पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेल्या. खांदे वरखाली होत होते, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ. पायांच्या बोटांत चिखल्या, नखांत बांधीतला काळा चिखल. साठीच्या पुढच्या असाव्यात. चुलीने फुप्फुस खाल्लेलं, त्यात सर्दीचं निमित्त झालेलं. तशाही आदल्या दिवसापर्यंत त्या चिखलात उभ्या होत्या.

आमचे डॉक्टर तरुण आणि चांगला माणूस. त्यांनी मनगटातून रक्त काढून तपासलं, आत शिळी हवा किती साचली आहे ते त्यातून कळतं. तोंड गंभीर झालं. "मास्क लावा. दुपारी पुन्हा रक्त बघू. सुधारलं नाही तर घशात नळी, आणि मोठ्या रुग्णालयात."

दिवाकर तिथेच उभा होता. "नळी नाई टाकाची, साहेब. आमच्या गावचा एक मानूस नळी टाकून नागपूरले गेला, त्याचं मढंच गाडीतून वापस आलं." मग आवाज उतरवून म्हणाला, "मायचं काय होईल थे इथीच होऊ द्या."

त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. पण असं सैल फुप्फुस नळीवर गेलं की नळीवरून उतरणं खरंच कठीण असतं, हे आम्हालाही माहीत असतं. म्हणजे दुपारपर्यंतचा वेळ आणि तो मास्क, एवढंच आमच्या हातात होतं.

मी मास्क लावला, पट्टे ओढले आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "गिरजाबाई, मशीनच्या तालावर श्वास घ्या. मशीन जसं चालते तसं."

त्यांनी मास्क ओढून काढला.

"मी... कोनाच्या... तालावर... चालतो... का?"

एका श्वासाला एक शब्द. आमच्याकडे बायाही 'मी जातो, मी करतो' म्हणतात, आणि तसं म्हणताना त्या जे म्हणतात ते करतातच. मी पुन्हा लावला, त्यांनी पुन्हा काढला. मास्कच्या आत त्या हवेशी भांडत होत्या. हवा आली की ओठ घट्ट मिटायच्या, हवा थांबली की घ्यायला बघायच्या. मशीन एकीकडे, बाई दुसरीकडे, आणि टुंईटुंई करून अलार्म वाजतोय.

"तुमी त्यायच्या नादी लागू नका शिस्टर," वनिता म्हणाली. "त्या जन्मात कोनाच्या मागं नाई चालल्या. मामाजी होते तवा मामाजीच मागं चालत."

वॉर्डातल्या एकाने सुचवलं, हात बांधू या. असं करतात. मी नाही म्हटलं, आणि जरा मोठ्यानेच म्हटलं. हात बांधून सहकार्य. हे तर बाबांच्या पत्रकाचं शीर्षक झालं असतं. पण तत्त्व बरोबर असलं तरी त्याने कुणाचा श्वास चालत नाही, हेही मला कळत होतं. घड्याळ दुपारकडे सरकत होतं आणि गिरजाबाईंच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या.

मास्क बाजूला ठेवून मी थोडा वेळ साधा ऑक्सिजन लावला आणि वनिताला विचारलं, "घरी काय काम करतात या?"

"काम? पात धरते. आमच्या टोळीची पात आत्याबाईच धरते."

बाहेरच्यांसाठी सांगते. धानाच्या शेताच्या एकेका वाफ्याला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. बांधीत चिखल करून बाया एका रांगेत उभ्या राहतात आणि वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत रोवत उलट्या पावली मागे सरकतात. ही रांग म्हणजे पात. ती सरळ राहिली पाहिजे, म्हणून धुऱ्याच्या कडेला एक जाणती बाई उभी राहते. तिचा हात चालतो तशी सगळी रांग चालते. ती पात धरणारी.

"सगळ्यात जोरात रोवत असतील मग," मी म्हटलं.

वनिता हसली. "नाई ना. जोरात रोवाले कोनी बी रोवते. मी नवीन लग्न होऊन आली तवा माह्या हात लय हळू. सगळ्या मले हसत, सोडून पुढं जात. आत्याबाईनं काम थांबवलं अन् सांगतलं, जिचा हात सगळ्यात हळू, तिच्या हातानं पात चालन. तिच्या पुढं कोनी नाई जाचं. तवापासून टोळीत थेच रीत हाय."

गिरजाबाईंनी डोळे न उघडता मान हलवली. ऐकत होत्या.

मी मशीनकडे पाहिलं. आम्ही पेशंटला 'मशीनच्या तालावर' म्हणतो, पण हे मशीन मुळात तसं चालतच नाही. पेशंट श्वास ओढायला लागला की त्याला ते कळतं आणि मगच ते जोर देतं. त्याचा ताल पेशंट ठरवतो. आम्ही सगळ्यांनीच ते वाक्य कुणाकडून तरी ऐकलं आणि पुढे चालवलं, मागे वळून कधी तपासलं नाही. आणि जिने उभ्या जन्मात दुसऱ्याचा ताल घेतला नव्हता, जिचं कामच ताल देणं होतं, तिला आम्ही म्हणत होतो, मागे चल.

मी पट्टे सोडून टाकले आणि मास्क त्यांच्याच हातात दिला.

"गिरजाबाई, माझी चूक झाली सांगायला. पात तुमचीच आहे. मशीन तुमच्या मागं चालते. आधी तुम्ही श्वास घ्या, मग ते देईल. तुम्ही नाही घेतला तर थांबेल. पटत नसेल तर पाहून घ्या."

त्यांनी एक डोळा उघडला. मग मास्क स्वतःच्या हाताने तोंडावर धरला, सैलसर. श्वास घेतला. मशीनने मागून हवा दिली. त्यांनी सोडला. मग मुद्दाम थांबल्या. मशीनही थांबलं. पुन्हा घेतला, पुन्हा हवा आली. मी ओळखत होते ते काय चाललंय. नव्या बाईचा हात तपासणं चाललं होतं. मग त्या बराच वेळ थांबल्या, आणि मशीनने आपणहून एक श्वास दिला. त्यांनी मास्क उचलला.

"मी... लयच थांबलो... तं आपनच ढकलते."

"पात धरता धरता तुमचा डोळा लागला तर?"

त्यांनी विचार केला. "बराबर हाय," म्हणाल्या, आणि मास्क परत लावला. या वेळी घट्ट. मी मागून पट्टे बसवले, त्यांनी मान जरा पुढे करून दिली. सहकार्य सहकार्य म्हणतात ते काय असतं, हे मला त्या मानेच्या हालचालीत दिसलं.

मग आमचं काम सुरू झालं. नाकाच्या हाडावर कातडी सोलू नये म्हणून मी मऊ पट्टी लावली. जोर कमी ठेवून सुरुवात केली. वाढवायचा झाला की विचारायचं, "वाढवू?" आणि त्यांनी बोट वाकवलं की एक पायरी वर. मास्कमध्ये बोलता येत नाही, आणि आमच्या पेशंटांचा अर्धा घाबरेपणा तोच असतो. म्हणून खुणा ठरवल्या. खूण मात्र त्यांनीच काढली. रोवताना हातातले पऱ्हे संपले की बाई वर न पाहता हात मागे करते, आणि धुऱ्यावरची पोरगी पऱ्ह्यांची जुडी तिच्याकडे फेकते. गिरजाबाईंनी तसाच हात मागे केला. मला काही कळेना.

"पानी मांगून राह्यल्या," वनिता म्हणाली. "पऱ्हे सरले."

मास्क बाजूला, दोन घोट पाणी, मास्क परत. हात मागे आला की द्यायचं. पाणी, तोंड पुसणं, थोडा थांबा, जे हवं ते. एकदा हात आला आणि पाणी नको होतं. मग कळलं की पाठ खाजत होती. वनिता म्हणाली, "घरी बी हेच काम हाय माह्याकडं."

मला वाटलं, आता झालं. आणि मला दुसरीकडे बोलावलं.

ही गोष्ट मला शांतपणे लिहिता येत नाही. ज्या वॉर्डात मास्कवरचे पेशंट आहेत तिथे एक नर्स नुसती त्यांच्यासाठी हवी. आम्ही आहोत मोजक्या, आणि त्या मोजक्यांवर पलीकडचे सगळे बेडही. त्या दिवशी सर्पदंशाचा एक माणूस आला होता, मी तिकडे धावले. कुणाला सोडून कुणाकडे जायचं हे रोज आम्ही ठरवायचं, आणि जागा भरायच्या की नाही हे ठरवणाऱ्यांनी कधी कुणाचा मास्क धरून बसायचं नाही.

परत आले तेव्हा वॉर्ड शांत होता. गिरजाबाई मागे टेकलेल्या, डोळे मिटलेले. दिवाकर समाधानाने म्हणाला, "चांगली झोप लागली मायले."

मी विचारलं, "हात कधी मागं केला होता?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मंघापासून नाई केला," वनिता म्हणाली.

तोंड कोरडं पाडणाऱ्या त्या हवेत इतका वेळ पाणी न मागणारी बाई झोपलेली नसते. मी भिंतीवर पाहिलं. ऑक्सिजन किती जातो ते दाखवणारा चेंडू काचेच्या नळीत पार वर गेला होता.

"हे कोणी वाढवलं?"

दिवाकर म्हणाला, "मीनंच. माय थकल्यासारखी दिसत होती. म्हटलं, थोडा जास्त देऊन पाहाव."

या पेशंटांना ऑक्सिजन मोजूनच द्यावा लागतो. जास्त झाला की शिळी हवा आणखी साचते आणि गुंगी वाढते. हे मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवलेलं होतं : 'ऑक्सिजनच्या प्रवाहात परस्पर फेरबदल करू नये.' बाबांना आवडलं असतं असं वाक्य. ते सलाइनच्या स्टँडमागे झाकलं गेलं होतं, आणि झाकलं नसतं तरी 'फेरबदल' म्हणजे आपण आईसाठी जे केलं तेच, हे दिवाकरला कुठून कळावं? तो आईला त्याच्या हातात होतं ते देत होता.

मी चेंडू खाली आणला, डॉक्टरांना हाक मारली, गिरजाबाईंना उठवून बसवलं आणि खांदा हलवला. "गिरजाबाई. डोळे उघडा."

काही नाही. छाती हलत होती, पण ती मशीनची हवा. ते जे 'आपणच ढकलतं' ते चाललं होतं. पात धरणारं कुणी नव्हतं.

डॉक्टर आले, नाडी धरली, माझ्याकडे पाहिलं. नळीचं सामान आणायला त्यांनी सांगितलं. दिवाकर भिंतीला टेकला. त्याला कुणी काही बोललं नव्हतं, तरी त्याला कळलं होतं.

वनिता पुढे आली. तिने सासूच्या कानाशी तोंड नेलं आणि हाकेच्या नव्हे, कामाच्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, माह्या हात मागं राह्यला. सगळ्या पुढं चालल्या."

पुन्हा म्हणाली. पुन्हा.

गिरजाबाईंच्या कपाळावर आठी आली. राग आला की येते तशी. मग मान थोडी वर झाली, आणि मशीनच्या आवाजात एक फरक पडला. तो ऐकायला कान लागतो. आधी ओढ, मग जोर. त्यांनी स्वतः श्वास घेतला होता.

"घ्या," मी म्हटलं. "अजून एक. वनिता मागं आहे, थांबा तिच्यासाठी."

आम्ही तिघी त्या श्वासांवर बसून राहिलो. किती झाले ते कुणी मोजलं नाही. डॉक्टर सामान घेऊन उभे होते आणि हळूहळू ते टेबलावर ठेवताना मी त्यांना पाहिलं. किती तरी वेळाने गिरजाबाईंचा उजवा हात पलंगावरून उचलला गेला आणि मागे गेला.

पाणी द्यायला दिवाकर पुढे झाला. अर्धं पाणी उशीवर सांडलं.

दुपारचं रक्त सकाळपेक्षा बरं आलं. फार नाही, पण नळी टळली. पुढचे काही दिवस मास्क थोडा वेळ काढायचा, पुन्हा लावायचा, असं करत बिनमास्कचा वेळ वाढवत नेला. ती भिंतीवरची सूचना मी काढून टाकली. तिच्या जागी काही लावलं नाही. आता मी प्रत्येक नातेवाइकाला त्या चेंडूपाशी उभं करते, त्याचा हात धरून दाखवते आणि म्हणते, हा असा वर गेला की माय झोपते आणि उठत नाही. हे पत्रकात मावत नाही. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी खाटेखालून एक जुनं पत्रक काढून वाचलं. मग म्हणाले, "आमी बी लय कठीन लिहिलं."

घरी जाताना गिरजाबाईंनी मशीनवर हात ठेवला. "हात हळू हाय इचा," म्हणाल्या, "पर मागं नाई राह्यत. ठेवून घ्या टोळीत."

ते मशीन त्यांच्या घरी द्यायला हवं होतं. अशा पेशंटना घरीही त्याची गरज असते. ते आम्ही देऊ शकलो नाही. औषधाचा पंप दिला, ओठ मिटून हळू फुंकर घालत श्वास सोडायला शिकवलं आणि त्याच चुलीपाशी परत पाठवलं. घरात गॅसचं सिलिंडर आहे. रिकामं आहे आणि त्याच्यावर पाण्याचा हंडा ठेवतात, हे मला वनिताने सांगितलं. चिखलात उतरायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा त्यांनी मान फिरवली. नळीचं नाव निघालं तेव्हाही त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता.

पुढच्या रोवणीला मी सुटीच्या दिवशी त्यांच्या गावी गेले. पंपाचं औषध पोचवायचं होतं, आणि खरं म्हणजे पाहायचं होतं. शेतावर पोचले तेव्हा काम संपलं होतं. बांधीत नव्या पऱ्ह्यांच्या ओळी सरळ उभ्या होत्या. आता पात वनिता धरते. गिरजाबाई दिवसभर धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या जुड्या पुरवतात आणि कुणाचा हात कुठे चुकला ते ओरडून सांगतात. मला पाहून म्हणाल्या, "मशीन नाई आनली का वं?"

सगळ्या घरी निघाल्या. धुरा अरुंद, एकामागे एक चालायचं. पुढे गिरजाबाई, मागे वनिता, मग मी, आणि माझ्यामागे चिखलाने माखलेल्या, दिवसभर वाकून कंबर मोडलेल्या, घरी लेकरं वाट पाहत असलेल्या सगळ्या बाया.

थोडं चालल्यावर गिरजाबाई थांबल्या. खांदे वर आले. त्यांनी वळून न पाहता हात मागे केला.

मागची सगळी रांग थांबली. गप्पाही थांबल्या. मी नर्स, मला राहवेना. खाली बांधीत पाय टाकून त्यांच्यापुढे जायला निघाले, तर वनिताने माझी ओढणी धरली.

"थांबा शिस्टर," ती हळूच म्हणाली. "पैले त्या घेतीन."

मी पाय परत धुऱ्यावर घेतला. कुणी पुढे गेलं नाही. गिरजाबाईंनी ओठ मिटून सावकाश फुंकर घातली, सगळी हवा सोडली. मग श्वास घेतला. हात खाली आला, आणि आम्ही निघालो.